स्टोरेजला दुसरा एलडॅप सर्व्हर जोडताना

एलडॅप सर्व्हर म्हणजे सगळ्या वापरकर्त्यांची आणि गटांची यादी (डिरेक्टरी) सांभाळणारं यंत्र. स्टोरेजच्या सेटिंगमध्ये दुसऱ्या एलडॅप सर्व्हरचं नाव टाकायला अर्धा मिनिट पुरतं. त्यामुळे बहुतेक ठिकाणी ते टाकलं जातं, सेव्ह दाबलं जातं, वहीत ‘सेकंडरी जोडला’ अशी नोंद होते आणि विषय संपतो. पुढे कधीतरी पहिला सर्व्हर बसतो आणि दुसरा नुसता नावालाच होता हे तेव्हा कळतं. म्हणून त्या अर्ध्या मिनिटाच्या आधी काय करायचं आणि नंतर काय तपासायचं, तेवढंच इथे लिहिते.

मी सांगलीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची सर्व्हर रूम सांभाळते. आमच्या यंत्रांना नद्यांची नावं आहेत. पहिला एलडॅप सर्व्हर कृष्णा, दुसरा वारणा, आणि सगळ्यांच्या फाइली ज्यात साठतात तो कोयना. (हे शेवटचं नाव कुणाला का सुचलं ते सांगायला नकोच.) कृष्णा आणि वारणा ही दोन्ही लिनक्स यंत्रं, त्यांवर ओपनएलडॅप, म्हणजे एलडॅप सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर. कोयनावर ट्रूनॅस स्केल, म्हणजे स्टोरेज चालवणारी लिनक्सवरची प्रणाली. लॅबमधली लिनक्स यंत्रं विद्यार्थ्यांचे होम फोल्डर कोयनावरून एनएफएसने (नेटवर्कवरून फाइली वापरायच्या पद्धतीने) उघडतात. तुमच्याकडे विंडोजची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी असेल तर तुमचा रस्ता वेगळा आहे. तिथे डोमेन कंट्रोलर (तिथले डिरेक्टरी सर्व्हर) डीएनएसमधून, म्हणजे नावावरून यंत्राचा पत्ता सांगणाऱ्या सेवेतून, शोधले जातात, त्यांची यादी हाताने द्यावी लागत नाही. सेटिंगची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत, यंत्रावर ती अर्थातच रोमन अक्षरांत दिसतील.

स्टोरेजला एलडॅप लागतोच कशाला, हा प्रश्न नवीन माणसं हमखास विचारतात. फाइलवर मालकाचा नुसता आकडा असतो. तो आकडा कुणाचा आणि ती व्यक्ती कुठल्या कुठल्या गटांत आहे, हे डिरेक्टरी सांगते. आता एनएफएसच्या साध्या ओळखपद्धतीत, म्हणजे ऑथ-सिसमध्ये, क्लायंट, म्हणजे फाइल मागणारं यंत्र, जास्तीत जास्त १६ गट पाठवू शकतो. आमच्याकडे शिक्षक विभागात, समितीत, प्रोजेक्टमध्ये, तीन-चार विषयांच्या गटांत असे सगळीकडे असतात, १६ सहज ओलांडतात. त्यासाठी ट्रूनॅसच्या एनएफएस सेटिंगमध्ये सोळापेक्षा जास्त गटांचा पर्याय असतो. तो चालू केला की क्लायंटने पाठवलेली यादी स्टोरेज बाजूला ठेवतं आणि गट स्वतः डिरेक्टरीला विचारतं.

हा पर्याय चालू असताना एलडॅप बंद पडला तर लक्षण फसवं असतं. माणसाचा स्वतःचा फोल्डर नीट उघडतो, पण प्रोजेक्टच्या सामाईक फोल्डरवर ‘परमिशन डिनाइड’ येतं. कारण गटांची यादी मिळाली नाही तर ती रिकामी धरली जाते. शिवाय स्टोरेजचा कर्नल (लिनक्सचा गाभा) ही यादी साधारण अर्धा तास धरून ठेवतो. म्हणजे एलडॅप दहा वाजता पडला तर तक्रारी साडेदहापर्यंत एकेक करून येत राहतात, आणि एलडॅप परत आल्यावरही काही जणांना अर्धा तास दारातच उभं राहावं लागतं. परवानग्यांचा घोळ समजून लोक फोल्डरचे हक्क बदलत बसतात. तसं करू नका. एलडॅप परत आला की स्टोरेजच्या शेलमध्ये ‘एक्सपोर्टएफएस’ ही आज्ञा ‘उणे एफ’ लावून चालवा, धरून ठेवलेल्या याद्या रिकाम्या होतात.

आता दुसरा सर्व्हर. तो कुठे ठेवायचा, हा पहिला निर्णय, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. दोन्ही एलडॅप सर्व्हर एकाच हायपरव्हायझरवर (एका यंत्रात अनेक आभासी यंत्रं चालवणाऱ्या व्यवस्थेवर) व्हर्च्युअल मशीन म्हणून ठेवले तर दोन केल्याचा उपयोग फक्त अपडेट करताना होतो. त्याहून वाईट मांडणी म्हणजे त्या व्हर्च्युअल मशीनची डिस्कच या स्टोरेजवर असणं. लाइट गेली, यूपीएस संपला, तासाभराने लाइट आली असं समजा. स्टोरेज उठतं आणि एलडॅप शोधतं. एलडॅपचं मशीन उठायला बघतं आणि आपली डिस्क शोधतं. दोघं एकमेकांची वाट पाहत बसतात. लाइट जाणं आपल्याकडे काही अपवादात्मक नाही, त्यामुळे हा विचार कागदावरच करून घ्या. निदान एक एलडॅप सर्व्हर असा हवा की ज्याला उठायला स्टोरेजची गरज नाही.

आमची वारणा म्हणजे लॅबमधून निवृत्त झालेला एक डेस्कटॉप आहे, आत नवी एसएसडी टाकलेली. काही हजार नोंदींच्या डिरेक्टरीला तेवढं भरपूर होतं. ती वेगळ्या यूपीएसवर आणि वेगळ्या स्विचवर आहे. नवा सर्व्हर घ्यायला मंजुरी मिळेपर्यंत थांबण्यापेक्षा हे बरं.

जागेबरोबर डीएनएसचाही विचार करा. लहान ठिकाणी डीएनएस आणि एलडॅप एकाच यंत्रावर असतात. कृष्णा बंद पडली आणि तिच्याबरोबर डीएनएसही गेला, तर कोयनाला वारणा हे नाव माहीत असूनही तिचा पत्ता कळणार नाही. ट्रूनॅसच्या नेटवर्कच्या ग्लोबल कॉन्फिगरेशनमध्ये दोन वेगवेगळ्या यंत्रांवरचे नेमसर्व्हर भरा, आणि तिथेच ‘होस्ट नेम डेटाबेस’ नावाचा रकाना आहे त्यात दोन्ही एलडॅप सर्व्हरचे पत्ते व नावं थेट लिहून टाका. काही जणांना असं हाताने लिहिणं आवडत नाही, पत्ता बदलला तर इथेही बदलावा लागतो म्हणून. पण पहिला नेमसर्व्हर मेलेला असताना लिनक्स प्रत्येक नावासाठी मुळात ५ सेकंद थांबतो आणि मगच दुसऱ्याला विचारतो. ते ५ सेकंद एलडॅपच्या थांबण्यात मिळवा, मग हाताने लिहिलेल्या दोन ओळी गोड वाटू लागतात.

वारणावर ओपनएलडॅप बसवलं की कृष्णाची नक्कल तिच्यावर आणायची. ही नक्कल ओपनएलडॅपमधलंच सिंकरेप्ल करतं. कृष्णावर ‘सिंकप्रोव्ह’ हा ओव्हरले (जोडभाग) चालू करा आणि ‘एंट्री सीएसएन’ व ‘एंट्री यूयूआयडी’ या दोन गुणांवर (नोंदीतल्या रकान्यांवर) इंडेक्स, म्हणजे शोध झटपट होण्यासाठीची सूची, लावा. वारणावर सिंकरेप्लची नोंद करा: कृष्णाचा पत्ता, सर्चबेस (डिरेक्टरीचा कुठला भाग आणायचा ते), नक्कल करणाऱ्या खात्याचं नाव व पासवर्ड, प्रकार ‘रिफ्रेश अँड पर्सिस्ट’, आणि रिट्राय ‘६० अधिक’, म्हणजे संपर्क तुटला तर दर ६० सेकंदांनी पुन्हा प्रयत्न, कायम. या रिट्रायला मर्यादित आकडा देऊ नका. कृष्णा शनिवार-रविवार बंद राहिली तर वारणा प्रयत्न सोडून देते आणि सोमवारी कुणाच्या लक्षातही येत नाही.

नक्कल करणारं खातं वेगळं काढा, अ‍ॅडमिनचं वापरू नका. पण वेगळं खातं काढलं की दोन खड्डे समोर येतात, आणि दोन्ही बाहेरून दिसत नाहीत.

पहिला पासवर्डचा. नेहमीच्या नियमांत पासवर्डचा गुण फक्त मालकाला आणि अ‍ॅडमिनला दिसतो. नक्कल करणाऱ्या खात्याला तो वाचायचा हक्क दिला नाही, तर बाकी सगळी नोंद वारणावर येते, पासवर्ड मात्र येत नाही. नक्कल यशस्वी दिसते, नोंदींची संख्या जुळते, नाव विचारलं तर उत्तर येतं. लॉगिन करायला गेलं की त्रुटी ४९, चुकीचा पासवर्ड. आणि हे फक्त विद्यार्थ्यांपुरतं नाही. कोयना ज्या खात्याने एलडॅपला जोडते ते खातंही डिरेक्टरीतच असतं, त्याचाही पासवर्ड आलेला नसतो, म्हणजे स्टोरेजलाच वारणा दारातून परत पाठवते. तेव्हा कृष्णाच्या नियमांत या खात्याला पासवर्डसकट सगळं वाचायचा हक्क द्या, आणि अर्थातच ही नक्कल टीएलएसवरूनच, म्हणजे कूटबद्ध जोडणीवरूनच, जाऊ द्या.

दुसरा खड्डा संख्येचा. ओपनएलडॅप एका शोधाला मुळात जास्तीत जास्त ५०० नोंदी देतं. अ‍ॅडमिन खात्याला ही मर्यादा लागत नाही, पण तुम्ही नक्कलेसाठी काढलेल्या खात्याला लागते. कार्यालयातल्या चाळीस माणसांच्या डिरेक्टरीत हे कधीच कळणार नाही. कॉलेजात पहिल्या वर्षाचे प्रवेश झाले की कळतं. नक्कल त्रुटी ४ देऊन अडते आणि वारणावर अर्धीच डिरेक्टरी राहते. कृष्णावर ‘लिमिट्स’मध्ये त्या खात्यासाठी आकार आणि वेळ दोन्ही अमर्याद करा.

सिंकरेप्ल फक्त नोंदींची नक्कल करतं, व्यवस्थेची नाही. स्कीमा (नोंदींत कुठले गुण असू शकतात तो आराखडा), प्रवेशाचे नियम, इंडेक्स, टीएलएसची सेटिंग हे सगळं वारणावर वेगळं करावं लागतं. इंडेक्स तर नक्की विसरले जातात. ‘यूआयडी’, ‘यूआयडी नंबर’, ‘जीआयडी नंबर’ आणि ‘मेंबर यूआयडी’ या चारांवर समानतेचा इंडेक्स हवाच, कारण स्टोरेज दिवसभर हेच विचारत असतं. इंडेक्स नसेल तर वारणा प्रत्येक प्रश्नाला सगळी डिरेक्टरी चाळते. एकटीदुकटी चाचणी करताना काही जाणवत नाही. सकाळी नऊला तीन लॅब एकदम लॉगिन करू लागल्या की उत्तरं वेळेत येत नाहीत. वारणाच्या लॉगमध्ये ‘नॉट इंडेक्स्ड’ असे शब्द दिसतात का ते बघा. कुठला गुण राहिला ते तिथेच लिहिलेलं असतं.

दोन्ही यंत्रांची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेने) जुळवून ठेवा, नक्कल वेळेच्या शिक्क्यांवर चालते. मग दोन्हीकडे ‘कॉन्टेक्स्ट सीएसएन’, म्हणजे डिरेक्टरीतल्या शेवटच्या बदलाचा शिक्का, विचारा. एलडॅपसर्च ही आज्ञा वापरायची, व्याप्ती ‘बेस’, शोधायची जागा डिरेक्टरीचं मूळ. दोन्हीकडचं उत्तर अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. कृष्णावर एखाद्या चाचणी खात्याचा फोन नंबर बदला आणि पुन्हा विचारा; काही सेकंदांत वारणावरही तोच शिक्का दिसायला हवा. सोबत दोन्हीकडच्या नोंदी मोजा आणि चाचणी खात्याने वारणावर बाइंड, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन प्रवेश, करून बघा. शिक्का, संख्या आणि बाइंड, हे तिन्ही जमल्याशिवाय स्टोरेजच्या सेटिंगला हात लावू नका. कारण पुढे सांगते.

वारणा फक्त वाचायला आहे. तिच्यावर कुणी बदल करायला गेलं तर ती कृष्णाकडे बोट दाखवते, अर्थात तुम्ही ‘अपडेट रेफ’मध्ये कृष्णाचा पत्ता दिला असेल तर. कृष्णा बंद असताना पासवर्ड बदलता येणार नाहीत. मला हे चालतं. दोन्हीकडे लिहिता येईल अशी रचना ओपनएलडॅपमध्ये करता येते, पण कॉलेजच्या गरजेसाठी तो उपद्व्याप आहे. एकाच नोंदीत दोन्हीकडे वेगळे बदल झाले की कुठला खरा हे ठरवत बसावं लागतं, आणि तो निर्णय करायला सुट्टीच्या दिवशी कुणी जागेवर नसतं.

टीएलएससाठी लागणाऱ्या सर्टिफिकेटचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळता येत नाही. वारणाला तिच्या स्वतःच्या पूर्ण नावाचं सर्टिफिकेट हवं, कृष्णाचं उचलून तिथे ठेवून चालणार नाही. दोन्हींवर सही करणारी सीए (सर्टिफिकेट ऑथॉरिटी) एकच असली की स्टोरेजवर एकच सीए सर्टिफिकेट आयात करावं लागतं. नाव सर्टिफिकेटच्या ‘सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम’ या भागात असलंच पाहिजे. डेबियन किंवा उबुंटूवर एलडॅपची सेवा तिच्या वेगळ्या वापरकर्त्याने चालते, तिला खाजगी किल्ली वाचता यायला हवी. सेवा सुरूच होत नसेल तर पहिला संशय त्या फाइलच्या हक्कांवर घ्या. तपासणीसाठी स्टोरेज ज्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागात) आहे त्याच व्हीलॅनमधल्या एखाद्या लिनक्स यंत्रावरून एलडॅपसर्च चालवा आणि ‘झेड’ हा पर्याय दोनदा द्या. एकदा दिला तर टीएलएस जमलं नाही तरी आज्ञा तशीच पुढे जाते, दोनदा दिला तर अडते. आपल्याला अडणारीच हवी.

त्याच व्हीलॅनमधून म्हणण्याचं कारण फायरवॉल. कृष्णासाठी पोर्ट ३८९ किंवा ६३६ उघडायचा नियम कुणीतरी कधीतरी लिहिलेला असतो, तोही तिच्याच पत्त्यापुरता. वारणासाठी तो कुणी लिहिलेला नसतो. तुमच्या टेबलावरच्या लॅपटॉपवरून वारणा उत्तर देते, याचा अर्थ कोयनालाही देईल असा नाही.

इतकं झालं की ते अर्धं मिनिट. ट्रूनॅसमध्ये ‘क्रेडेन्शियल्स’खाली ‘डिरेक्टरी सर्व्हिसेस’ उघडा आणि एलडॅपच्या सेटिंगमध्ये जा. आवृत्तीप्रमाणे पानाची मांडणी आणि रकाने बदलतात, इथली नावं आमच्या आवृत्तीतली आहेत. ‘होस्टनेम’मध्ये कृष्णाचं पूर्ण नाव आहे, त्यापुढे एक मोकळी जागा सोडून वारणाचं पूर्ण नाव लिहा. स्वल्पविराम नको. क्रमाला अर्थ आहे: पहिल्याने उत्तर दिलं नाही की दुसऱ्याला विचारलं जातं. नावाऐवजी आयपी पत्ता टाकलात तर सर्टिफिकेटमधलं नाव जुळणार नाही, आणि मग लोक ‘व्हॅलिडेट सर्टिफिकेट्स’ची खूण काढून टाकतात. ती खूण काढू नका, नाव लिहा.

‘बेस डीएन’ (डिरेक्टरीचं मूळ), ‘बाइंड डीएन’ (स्टोरेज ज्या खात्याने जोडतं ते) आणि बाइंड पासवर्ड एकेकच आहेत, दोन्ही सर्व्हरना तेच लागू होतात. म्हणूनच वर पासवर्डच्या नकलेवर एवढं लिहिलं. एन्क्रिप्शनचा प्रकारही एकच, त्यामुळे कृष्णावर स्टार्ट टीएलएस (३८९ वर साधी जोडणी करून मग कूटबद्ध होणं) आणि वारणावर ६३६ (सुरुवातीपासून कूटबद्ध) अशी सरमिसळ चालणार नाही. स्कीमा आमच्याकडे आरएफसी २३०७ आहे. त्याचाच ‘बिस’वाला प्रकार असेल तर गटातले सभासद वेगळ्या पद्धतीने लिहिलेले असतात, पण कृष्णा आधीपासून चालू असेल तर ही निवड झालेलीच आहे, तिला हात लावू नका. सेव्ह करण्याआधी जुन्या सेटिंगचा बॅकअप उतरवून घ्या, ‘सिस्टिम’मधल्या जनरल सेटिंगमधून कॉन्फिगरेशनची फाइल मिळते. आणि हे काम तासिका चालू असताना करू नका, सेव्ह केल्यावर डिरेक्टरीची सेवा क्षणभर नव्याने उठते.

आता तो राहिलेला मुद्दा. सर्व्हर बंद पडण्याचे प्रकार आहेत आणि स्टोरेज प्रत्येकाशी वेगळं वागतं.

कृष्णावर एलडॅपची सेवा बंद आहे, पण यंत्र चालू आहे. अशा वेळी जोडणी ताबडतोब नाकारली जाते आणि स्टोरेज त्याच क्षणी वारणाकडे वळतं. हा सगळ्यात सज्जन प्रकार. दुर्दैवाने बहुतेक जण फक्त हाच तपासतात: सेवा थांबवली, वारणाने उत्तर दिलं, झालं.

कृष्णा नेटवर्कवरूनच गायब आहे आणि मध्ये फायरवॉल पाकिटं (नेटवर्कवरून जाणारे डेटाचे तुकडे) गिळतोय. तेव्हा नकारही येत नाही. लिनक्सला मोकळं सोडलं तर तो एका जोडणीसाठी २ मिनिटांहून थोडा जास्त वेळ प्रयत्न करत राहतो. इथे एलडॅपचा टाइमआउट कामाला येतो. ट्रूनॅसमध्ये तो प्रगत पर्यायांत आहे. दोन्ही सर्व्हर एकाच इमारतीत असतील तर काही सेकंदच ठेवा. फार कमीही नको. नऊ वाजताच्या गर्दीत निरोगी कृष्णालाच मेलेली समजून स्टोरेज इकडून तिकडे उड्या मारत राहील.

कृष्णा अर्धवट जिवंत आहे. डिस्क अडकलीय, किंवा मेमरी संपून यंत्र धापा टाकतंय. जोडणी स्वीकारली जाते, कारण ते काम कर्नल करतो, पण प्रश्नाला उत्तर येत नाही. हा प्रकार सगळ्यात जास्त छळतो आणि त्याची चाचणी जवळजवळ कुणी करत नाही. करायला मात्र सोपी आहे. कृष्णावर एलडॅपच्या प्रक्रियेला ‘स्टॉप’ सिग्नल पाठवा, ती गोठते. पोर्ट उघडं दिसतं, आत कुणी नाही. तपासून झालं की ‘कॉन्ट’ सिग्नल पाठवा, जिथे थांबली तिथून पुढे चालू लागते.

आणि चौथा प्रकार: सर्व्हर ठणठणीत आहे, उत्तरही झटकन देतो, पण उत्तर चुकीचं. वारणावर अर्धी डिरेक्टरी आहे, कुणाचं नाव विचारलं तर ती शांतपणे सांगते, अशी नोंद नाही. स्टोरेजच्या दृष्टीने हे रीतसर उत्तर आहे. ते दुसऱ्याला विचारायला जाणार नाही. उलट आपल्याजवळची जुनी नोंदही पुसून टाकू शकतं. अर्धवट भरलेली वारणा जोडण्यापेक्षा ती न जोडलेली बरी, म्हणून शिक्का, संख्या आणि बाइंड जुळवण्यावर मी अडून बसले होते.

चाचणीच्या आड येते ती कॅश, म्हणजे जवळ साठवून ठेवलेली आधीची उत्तरं. लिनक्सवरच्या बऱ्याच स्टोरेजमध्ये हे विचारणं एसएसएसडी या लिनक्सच्या सेवेमार्फत होतं आणि एसएसएसडी एकदा मिळालेली नोंद मुळात ५४०० सेकंद, म्हणजे दीड तास, ताजी मानतो. तुम्ही कृष्णा बंद केलीत, आपलं स्वतःचं नाव विचारलंत, उत्तर आलं, खूश झालात. ते उत्तर वारणाचं नव्हतं, कॅशचं होतं. दोन्ही सर्व्हर बंद असते तरी आलं असतं. म्हणून चाचणीआधी ‘एसएसएस कॅश’ ही आज्ञा ‘उणे मोठा ई’ लावून चालवा, म्हणजे सगळ्या नोंदी शिळ्या ठरतात. आणि ज्याने कोयनावर कधी लॉगिनच केलेलं नाही असं नाव विचारा. मी दर सत्राला दोन-तीन चाचणी खाती काढून ठेवते, त्यासाठीच. एनएफएसच्या गटांची अर्ध्या तासाची यादीही वर सांगितल्याप्रमाणे रिकामी करा.

मग क्रमाने: सेवा थांबवून, पाकिटं गिळून, प्रक्रिया गोठवून. प्रत्येक वेळी कोयनाच्या शेलमध्ये ‘आयडी’ ही आज्ञा नव्या नावाने द्या आणि किती वेळ लागतो ते बघा. सोबत वारणाचा लॉग उघडा ठेवा. कोयनाच्या पत्त्यावरून जोडणी आली आणि शोध झाला, हे डोळ्यांनी दिसलं पाहिजे. लॅबमधल्या एका क्लायंटवरून ज्याचे १६ पेक्षा जास्त गट आहेत अशा खात्याने सामाईक फोल्डर उघडून बघा. पाकिटं गिळण्याचा नियम कृष्णावर लावताना फक्त कोयनाच्या पत्त्यापुरता लावा. सरसकट लावलात तर तुमचं स्वतःचं रिमोट लॉगिनही तुटेल आणि नियम काढायला सर्व्हर रूमपर्यंत चालत जावं लागेल.

शेवटची चाचणी सुट्टीच्या दिवशी: कृष्णा बंद ठेवून कोयना रीबूट करा. चालू असलेलं स्टोरेज दुसऱ्या सर्व्हरकडे वळणं आणि नुकतं उठलेलं स्टोरेज पहिल्याशिवाय उभं राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डीएनएसचा घोळ असेल तर तो इथेच उघडा पडतो.

कृष्णा परत चालू केल्यावर कोयना लगेच तिच्याकडे परतेल असं समजू नका. एसएसएसडीमध्ये मुख्य यादीतले सर्व्हर एका पातळीचे मानले जातात, एकावर काम नीट चाललं असेल तर उगाच सोडत नाही. ‘बॅकअप’ म्हणून वेगळ्या यादीत दिलेला सर्व्हर मात्र तात्पुरता मानला जातो, मूळ सर्व्हर परत आला का ते अधूनमधून पाहिलं जातं. साध्या लिनक्स यंत्रावर स्वतः एसएसएसडी बसवलं असेल तर ही निवड तुमच्या हातात आहे. वारणा जुनाट डेस्कटॉप असल्यामुळे आमच्या लॅबमधल्या यंत्रांवर ती मी बॅकअपच्याच यादीत ठेवली आहे. तिथे या यादीत नावांमध्ये स्वल्पविराम लागतो, ट्रूनॅससारखी मोकळी जागा नाही.

नेटअ‍ॅपचं ओनटॅप (स्टोरेजचीच दुसरी एक प्रणाली) वापरणाऱ्यांसाठी दोन शब्द. तिथे एलडॅप क्लायंटच्या कॉन्फिगरेशनमध्ये सर्व्हरची यादी स्वल्पविरामाने देतात आणि प्रश्नाचा टाइमआउट मुळात ३ सेकंद असतो. ही सेटिंग प्रत्येक एसव्हीएमची (स्टोरेजमधल्या आभासी सर्व्हरची) वेगळी असते, एकीवर केली म्हणजे सगळ्यांवर झाली असं नाही. ‘एलडॅप चेक’ नावाची आज्ञाही दिलेली आहे, पण त्यावर भिस्त ठेवून गोठवण्याची चाचणी सोडू नका. वापरकर्ते आणि गट विचारण्याच्या क्रमात, म्हणजे ‘एनएस स्विच’मध्ये, आधी फाइली आणि मग एलडॅप हा क्रम असू द्या. रूटसारखी स्थानिक खाती शोधायला नेटवर्कवर जायचं काही कारण नाही.

यानंतरची देखरेख थोडीच आहे, पण ती यंत्राकडे द्या, माणसाच्या आठवणीवर सोडू नका. एक छोटी स्क्रिप्ट दर १० मिनिटांनी दोन्हीकडचा कॉन्टेक्स्ट सीएसएन विचारते आणि फरक राहिला तर मेल पाठवते. ती स्क्रिप्ट तिसऱ्याच यंत्रावर चालते, कृष्णावर नाही. प्रवेशानंतर नवीन खाती एकदम चढवली की नोंदींची संख्या पुन्हा जुळवायची. आणि सर्टिफिकेटच्या तारखा: दोन्ही सर्टिफिकेट एकाच दुपारी काढली असतील तर दोन्ही एकाच दिवशी संपतील, आणि त्या सकाळी कृष्णा व वारणा दोघींनाही कोयना एकाच वेळी नाकारेल. वारणाचं सर्टिफिकेट मुदतीच्या दोन-तीन महिने आधीच नव्याने काढा, म्हणजे पुढच्या तारखा आपोआप वेगळ्या पडतात.